अपस्माराआधी येणारे नैराश्य

अपस्माराच्या रुग्णाने खिन्न होणे यात नवल ते काय, असेच घरच्यांना वाटत आले आहे. आकडी केव्हा येईल याचा भरवसा नाही. नोकरीची आणि लग्नाची काळजी वेगळीच. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा अडसर संसदेने दूर केला, तोही १९९९ साली. नैराश्य हे आजाराच्या मागून येते, या समजाला प्राण्यांवरील संशोधनाने मात्र छेद दिला आहे. काही प्राण्यांत आकडीचे झटके सुरू होण्याआधीच नैराश्यसदृश वर्तन आढळते.

‘सदृश’ हा शब्द येथे महत्त्वाचा. उंदराला मनाची अवस्था विचारता येत नाही. साखरेच्या पाण्याची गोडी कमी होणे, पाण्यात सोडल्यावर लवकर धडपड सोडून देणे, अशा खुणांवरून संशोधक अंदाज बांधतात.

या विषयाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधील निबंधातून जगापुढे मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे केले. हे औषध घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, अशा तक्रारी पुढे आल्या. त्यात तथ्य किती, यावर नंतर बराच वाद झाला. प्राण्यांतील परिणाम मात्र स्पष्ट होता. रेसर्पिनने मेंदूतील सेरोटोनिन व नॉरअॅड्रेनलिन यांचे साठे रिते होतात, प्राणी निपचित बसून राहतो आणि त्याला आकडी येण्यास कमी उत्तेजना पुरते. एकाच रासायनिक उणिवेतून दोन्ही व्याधी उद्भवू शकतात, या विचाराला येथून बळ मिळाले.

मेलबर्न येथील निगेल जोन्स, टेरेन्स ओब्रायन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘गेअर्स’ या उंदरांच्या वाणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या वाणात अपस्मार आनुवंशिक असतो. झटके सुरू होण्यापूर्वी, म्हणजे सात आठवड्यांच्या वयातच, हे उंदीर इतरांपेक्षा अधिक भेदरलेले होते आणि साखरेचे पाणीही कमी पीत होते. ‘वॅग-रिज’ या दुसऱ्या वाणाची कथा थोडी निराळी आहे. तेथे झटके सुरू होण्यापूर्वीपासून इथोसक्सिमाइड हे औषध दिल्यास झटके कमी होतात आणि नैराश्यसदृश वर्तनही घटते. म्हणजे तेथे अपस्माराची प्रक्रियाच नैराश्याला खतपाणी घालत असावी. दोन वाण, दोन उत्तरे!

फ्रान्समधील क्रिस्टेल बेकर व सहकाऱ्यांचा २०१५ मधील प्रयोग अधिक सूचक आहे. दांडग्या उंदराकडून वारंवार मार खाल्लेल्या उंदरांपैकी काही सावरले. काहींच्या रक्तात मात्र ‘बीडीएनएफ’ या मेंदूपोषक प्रथिनाचे प्रमाण कमीच राहिले. अशांना पुढे नैराश्यही लवकर जडले आणि अपस्मारही. या प्रथिनासारखे काम करणारे द्रव्य दिल्यावर हा धोका टळला. पूर्वसूचना रक्ततपासणीतून मिळू शकेल, ही आशा येथूनच निर्माण झाली. माणसांसाठी तशी चाचणी मात्र अद्याप रूढ झालेली नाही.

माणसांतील पुरावा आइसलँडचा आहे. तेथील २००६ च्या अभ्यासात ज्यांना पूर्वी तीव्र नैराश्य येऊन गेले होते, त्यांच्यात पुढे विनाकारण आकडी येण्याची शक्यता १.७ पट आढळली. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांत ती ५.१ पट होती. तरीही नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांना अपस्मार कधीच होत नाही, त्यामुळे घाबरून मेंदूचा आलेख काढून घेण्याचे कारण नाही. उपचार टाळणे त्याहून घातक. बहुतेक नैराश्यरोधक औषधे नेहमीच्या मात्रेत अपस्मार असतानाही घेता येतात. ब्युप्रोपियन व क्लोमिप्रामिन यांच्याबाबत मात्र डॉक्टर सावध असतात. म्हणून पूर्वी एखादा झटका येऊन गेला असल्यास तो मनोविकारतज्ज्ञाला सांगावा आणि जुन्या नैराश्याची माहिती मेंदूविकारतज्ज्ञापासून लपवू नये.