स्वयंपाकघरातील उपकरणांची दुरुस्ती

धान्य दळणे व कांडणे, मसाला वाटणे, अन्न शिजविणे आणि ते टिकविणे यांसाठी घरोघरी वापरल्या जाणाऱ्या साधनांतील बिघाड ओळखणे व ती पुन्हा वापरण्याजोगी करणे. बिघाडाची पहिली खूण बहुधा साधन रोज हाताळणाऱ्या स्त्रीलाच कळते. तो दूर करण्याचे ज्ञान मात्र दीर्घकाळ दुसऱ्याच कोणाच्या तरी हाती राहिले. प्रथम ते फिरत्या कारागिराकडे, मग बाजारपेठेतील दुकानाकडे आणि अखेरीस कारखानदाराकडे गेले. या स्थित्यंतराच्या खुणा महाराष्ट्राच्या लहान बाजारगावांत शहरांपेक्षा अधिक स्पष्ट दिसतात.

असे एक गाव म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील आजरा. पूर्वी इचलकरंजी जहागिरीत मोडणारे व आता तालुक्याचे ठिकाण असलेले हे गाव हिरण्यकेशी नदीच्या काठी, गडहिंग्लजहून आंबोलीकडे जाणाऱ्या मार्गावर वसले आहे. येथील घनसाळ हा आखूड दाण्याचा सुवासिक तांदूळ प्रसिद्ध असून त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा भाताच्या मुलखात उखळ, मुसळ, जाते, पाटा-वरवंटा आणि तांब्यापितळेची भांडी हाच स्वयंपाकघराचा मुख्य संच असे.

जात्याचा बिघाड पिठावरून ओळखला जाई. दगडांच्या पृष्ठभागावरील खाचा झिजल्या म्हणजे पीठ भरड येते, जाते ओढण्यास जड जाते आणि पीठ हाताला गरम लागते. तेव्हा छिन्नीने दगडाला पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागत. यास ‘टाकी लावणे’ म्हणतात. टाकी लावल्यानंतर पहिले दळण खाण्यासाठी घेत नसत. भरड धान्य किंवा कोंडा दळून सुटी कच काढून टाकीत. वाटलेली चटणी दाताखाली कचकचू लागली, तर पाट्याची टाकी नुकतीच झाली आहे हे घरात सर्वांनाच समजे. हे काम वडार व टकारी या जमातींचे लोक गावोगाव फिरून करीत. टकारी हे नावच ‘टाकी’वरून पडले, असे मानले जाते. घराघराच्या ओसरीवर बसून जाते दुरुस्त करणाऱ्या या टकाऱ्यांची गणना ब्रिटिश अमदानीत मात्र गुन्हेगार जमातींत झाली. तो कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी अशा जमाती विमुक्त झाल्या. तोवर पिठाच्या गिरण्यांनी जात्याचे काम, आणि त्याबरोबर टाकीचेही, पुष्कळसे हिरावून घेतले होते.

तांब्यापितळेच्या भांड्यांचा बिघाड याहून धोक्याचा होता. भांड्यातील कल्हई झिजून तांबूस धातू दिसू लागला, की आंबट पदार्थाशी त्याची रासायनिक विक्रिया होऊन विषारी क्षार तयार होतात. ताक, कढी किंवा चिंचेची आमटी अशा भांड्यात ‘कळकते’, हिरवट होते आणि खाणाऱ्यास ओकाऱ्या होतात. कल्हईवाला जमिनीत लहान भट्टी करून भात्याने निखारे फुलवी व भांडे तापवून त्यावर नवसागराची पूड टाकी. नवसागरामुळे धातूवरील ऑक्साइडाचा थर निघून जातो. मग कथलाची कांडी टेकवून, सु. २३२° से. तापमानास वितळणारे ते कथील कापसाच्या बोळ्याने झपाट्याने आतून फिरविले जाई. कथलात स्वस्त शिसे मिसळणे ही या धंद्यातील जुनी लबाडी होय. नवी कल्हई चकाकताना दोहोंतील फरक सामान्य गिऱ्हाइकाच्या लक्षात येणे कठीण असे, आणि शिशाचा अपाय तर सावकाश, वर्षानुवर्षे होत राहतो. ॲल्युमिनियम व नंतर स्टेनलेस स्टील यांच्या भांड्यांमुळे ही दुरुस्ती जवळजवळ अनावश्यक झाली.

चुलीला दुरुस्ती अशी फारशी नव्हती. पोतेऱ्याने सारवण आणि तडकलेल्या भागाला मातीचा लिंपा एवढे पुरे. दाबाच्या स्टोव्हने मात्र स्वयंपाकघरात प्रथमच खरेखुरे यंत्र आणले. स्वीडनमधील फ्रान्स व्हिल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास प्रायमस स्टोव्ह तयार केला. त्यात पंपाने दाबलेले रॉकेल तापलेल्या बर्नरमधून जाताना त्याची वाफ होते व ती निपलच्या सूक्ष्म छिद्रातून जोराने बाहेर पडून निळ्या ज्योतीने जळते. त्याचे बहुतेक दोष ज्योतीवरून ओळखता येतात. ज्योत पिवळी व काजळी धरणारी असेल, तर काकडा अपुरा जळाल्याने बर्नर पुरेसा तापलेला नसतो. ती एका बाजूस झुकत असेल किंवा फरफरत असेल, तर निपल काजळीने अंशतः बुजलेले असते व पिन मारावी लागते. दट्ट्या खालीवर करूनही दाब चढत नसेल, तर पंपाचे चामडी वॉशर वाळून आकसलेले असते. त्याला तेलाचे बोट लावून ते फुगविले की काम भागते. टाकीच्या जोडांतून रॉकेल पाझरणे हा मात्र घरी हाताळण्याचा दोष नव्हे. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणे आणि मंदावलेल्या ज्योतीवर अतोनात पंप मारणे या दोन सवयींनी पुष्कळ अपघात घडविले.

याच स्टोव्हमुळे बिघाडाची परीक्षा न्यायालयापर्यंत पोहोचली. १९७० नंतरच्या दोन दशकांत नवविवाहित स्त्रिया भाजून मरण पावल्याच्या घटनांत ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे कारण वारंवार पुढे केले जाई. टाकी खरोखर फुटली असेल तर तिचा पत्रा फाटतो किंवा फुगतो आणि जोड उसवतात. टाकी अभंग, बर्नर जागच्या जागी आणि पिनही शाबूत असेल, तर त्या सबबीबद्दल शंका घेण्यास जागा राहते. पंचनाम्यात स्टोव्हची अवस्था नोंदविणे म्हणूनच महत्त्वाचे ठरले. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८अ घालण्यात आले आणि विवाहानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या स्त्रीच्या संशयास्पद मृत्यूच्या चौकशीसंबंधी फौजदारी प्रक्रिया संहितेतही बदल झाले. १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४ब आले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेत समाविष्ट आहे. एका गृहोपयोगी साधनाच्या दोषाची खरीखोटी पारख एवढ्या गंभीर प्रश्नाशी जोडली गेल्याचे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

दाबपात्राचा, म्हणजे प्रेशर कुकरचा, पूर्वज डेनी पापँ यांनी १६७९ मध्ये दाखविला. त्याची सुरक्षा झडपही त्यांचीच. भारतात कुकरचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९५९ च्या सुमारास सुरू झाले. त्यात वातावरणापेक्षा दर चौ. सेंमी. स सु. १ किग्रॅ. अधिक दाब असतो व तापमान सु. १२०° से. पर्यंत चढते. भात शिजताना पिठूळ पाणी उसळून वाफनळीत अडकते, हा भातखाऊ प्रदेशातील नेहमीचा बिघाड. म्हणून शिटी बसविण्यापूर्वी नळीतून वाफ मोकळी येते की नाही हे पाहणे अगत्याचे असते. झाकणाच्या कडेने वाफ निसटत असेल, तर रबरी कडे कडक झालेले असते. वारंवार उडणाऱ्या सुरक्षा झडपेच्या जागी खिळा किंवा भलताच तुकडा ठोकणे ही दुरुस्ती नव्हे, तर झडप ज्या स्फोटापासून वाचविते त्याला दिलेले आमंत्रण होय. भारतीय मानक आयएस २३४७ कुकरसाठी आहे. २०२० च्या केंद्रीय आदेशाने ते सक्तीचे झाले.

विजेचे युग ग्रामीण महाराष्ट्रात सावकाश आले. १९६० मध्ये राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतरच्या दशकांत वीज खेड्यांत पोहोचली आणि मागाहून मिक्सर आला. भारतीय मिक्सरचा उगमच एका न झालेल्या दुरुस्तीत आहे. मुंबईस सीमेन्स कंपनीत अभियंता असलेले सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडील जर्मन बनावटीचे यंत्र बंद पडले व ते येथे दुरुस्त होईना. युरोपीय यंत्रे मऊ पदार्थांसाठी घडविलेली असत. भिजवलेली डाळ, सुके खोबरे, हळकुंड यांपुढे त्यांचे चलित्र जळे. माथुर यांनी अधिक शक्तीचे चलित्र घेऊन नवे यंत्र बनविले व १९६३ मध्ये कंपनी काढली. तिचा ‘सुमीत’ मिक्सर पुढे घराघरांत पोहोचला.

मिक्सर बंद पडल्यास तपासणी सॉकेट, पिन, वायर, बटण या क्रमाने करावी; यंत्राच्या पोटात शिरण्यापूर्वीच पुष्कळदा दोष सापडतो. ओव्हरलोडचे तांबडे बटण उडाले असल्यास चलित्र थंड होऊ देऊन ते दाबावे. चलित्र गुरगुरते पण फिरत नाही, तर भांड्याचे पाते अडकलेले असते. भांड्याखालून काळपट पाणी पाझरणे म्हणजे बुश झिजणे. आतून जास्त ठिणग्या दिसल्या, तर कार्बन संपत आलेले असतात. करपट वास आला, तर गुंडाळी जळालेली असते व ती पुन्हा भरण्याचा खर्च नव्या यंत्राशी ताडून पाहावा लागतो. आजऱ्यासारख्या दीर्घ पावसाळ्याच्या गावी न वापरलेल्या यंत्रात दमट हवेने विद्युत् निरोधन दुबळे होते. अशा वेळी धातूच्या अंगाचा झटका बसला, तर दोन पिनांची जोडणी टाकून भूसंपर्कनासह तीन पिनांची करणे आवश्यक ठरते; बटण बंद करणे पुरेसे नसून पिन काढूनच यंत्र उघडावे.

अलीकडच्या इंडक्शन शेगडीत व मायक्रोवेव्ह भट्टीत डोळ्यांना दिसणारा दोष थोडाच असतो. मायक्रोवेव्हमधील धारित्र पिन काढल्यानंतरही प्राणघातक भार धरून राहू शकते, म्हणून ती घरी उघडू नये. बिघडलेला इलेक्ट्रॉनिक फलक सुधारण्याऐवजी सबंध बदलण्याची रीत रूढ झाल्याने सुटे भाग व दुरुस्तीची माहिती ग्राहकास मिळावी, या मागणीला जोर आला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावरील संकेतस्थळ सुरू केले असून त्यात शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी व वाहने यांबरोबरच घरगुती उपकरणांचाही समावेश आहे.