संगणकीय आरेखनातील रंगभरण व नक्षी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकावरील आकृतीत रंग भरणे ही आज सामान्य बाब झाली आहे. परंतु बाह्यरेषा व आतील भरण या दोन बाबी स्वतंत्र मानून भरणाची आज्ञा मजकूररूपात लिहिण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने विकसित झाली. या विकासात नक्षीचे स्थान केवळ सजावटीचे नव्हते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रंगाला पर्याय म्हणून नक्षी :
रंगाच्या जागी नक्षी योजण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. सिल्व्हेस्ट्रो पेत्रा सांक्ता या इटालियन जेझुइट पंडिताने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कुलचिन्हांतील तांबड्या रंगासाठी उभ्या रेषा, निळ्यासाठी आडव्या रेषा व सोनेरीसाठी ठिपके वापरले. १९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकाचा पडदाही कृष्णधवलच होता. बिल ॲटकिन्सन यांच्या क्विकड्रॉ या आज्ञासंचात ८ × ८ बिंदूंची, म्हणजे अवघ्या ६४ बिटांची नक्षी पुनःपुन्हा मांडून करड्या छटांचा आभास निर्माण केला जाई.

आज्ञालेखनाचे टप्पे :
जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट भाषा १९८५ च्या लेझररायटर मुद्रकाद्वारे प्रसार पावली. तीत प्रथम आकृतीचा मार्ग आखला जातो. 'सेटग्रे' या आज्ञेने ० (काळा) ते १ (पांढरा) यांमधील छटा ठरते व 'फिल' या आज्ञेने भरण होते. डब्ल्यूथ्रीसी संस्थेने २००१ मध्ये शिफारस केलेल्या एसव्हीजीमध्ये 'फिल' हा आकृतीचा गुणधर्म बनला. एकदा व्याख्या केलेली नक्षी अनेक आकृत्यांना लावणे व जावास्क्रिप्टच्या एका ओळीने ती बदलणे शक्य झाले. ॲपलने २००४ मध्ये आणलेल्या कॅनव्हासमध्ये मात्र 'फिलस्टाइल' बदलली तरी आधी रंगविलेला भाग तसाच राहतो. आकृती पुन्हा काढावी लागते.

निष्कर्ष :
रंगीत पडदे सार्वत्रिक झाल्यावरही नक्षीची गरज संपलेली नाही. कृष्णधवल छपाईत वा छायाप्रतीत लाल व हिरवा रंग सारख्याच करड्या छटेत उतरू शकतात आणि पर्जन्यमानाचा नकाशा निरर्थक ठरतो. रंगांधळेपणा असलेल्या वाचकाची अडचण तर रंगीत प्रतीतही कायम राहते. भरण हा आकृतीचा गुणधर्म म्हणून लिहिलेला असल्यास रेषांना धक्का न लावता रंगाऐवजी नक्षी योजता येते. म्हणून आलेख व नकाशे शिकविताना रंगाच्या निवडीबरोबरच नक्षीचा विचारही अभ्यासाचा भाग असणे आवश्यक ठरते.