दुसऱ्याच खेळीला बाहेर पडलेला वजीर

बुद्धिबळ शिकवणारा सोंगट्यांच्या चाली सांगून झाल्या की पहिली ताकीद देतो ती ही: वजीर लवकर बाहेर काढू नकोस. ताकीद खेळाइतकीच जुनी वाटते, पण ती तशी असूच शकत नाही. शतरंजच्या, म्हणजे जुन्या बुद्धिबळाच्या, पटावरचा वजीर एका वेळी तिरकं एकच घर सरकत असे. तो लवकर निघाला काय आणि उशिरा निघाला काय, कोणाचं फारसं बिघडत नव्हतं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात नियम बदलले. वजिराची तिथे केव्हाच राणी झाली होती. आता तिला पटभर धावण्याची मुभा मिळाली आणि इटलीत लोक या नव्या प्रकाराला चक्क पिसाळलेलं बुद्धिबळ म्हणू लागले. वजिराला जपण्याची गरज तेव्हापासूनची. आणि गंमत अशी की, या नव्या नियमांचा जो सर्वांत जुना डाव आपल्या हाती आहे, त्यातच काळ्याचा वजीर दुसऱ्या खेळीला पटाच्या मधोमध येऊन उभा राहतो.

हा डाव १४७५ च्या सुमाराचा, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियातला. कास्तेल्वी, विन्योलेस आणि फेनोयार या तीन कवींनी मिळून रचलेल्या ६४ कडव्यांच्या कवितेत तो गुंफलेला आहे. पांढरं प्यादं ई४ वर, काळं डी५ वर. पांढऱ्याने मारलं, काळ्याच्या वजिराने परत मारलं, घोड्याने त्याला हुसकावलं आणि वजीर मुकाट डी८ वर परतला. आजच्या भाषेत हा स्कँडिनेव्हियन बचाव. डाव प्रत्यक्ष खेळला गेला नसावा, कवितेसाठी रचला असावा, असा आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. पण रचलेल्या डावातही कवी वाचकाला खटकणार नाही अशीच सुरुवात निवडणार. वजिराची ही धाव तेव्हा वेडेपणाची वाटत नव्हती, एवढं त्यातून नक्की कळतं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार: काळा हरला ना? हरला, एकविसाव्या खेळीला. मात्र का हरला हे पट मांडून पाहावं. पाचव्या खेळीला त्याने उंट जी४ वर नेला, पुढच्या खेळीला तो घोड्याच्या बदल्यात दिला आणि पांढऱ्या वजिराला एफ३ वर आयतं बोलावलं. त्या वेळी सी६ वर प्यादं सरकवलं असतं तर वाट बंद होती. त्याने ई६ केलं. पांढऱ्या वजिराने आठव्या खेळीला बी७ वरचं प्यादं उचललं, मागोमाग घोड्याने ए७ वरचं प्यादं आणि सी८ वरचा हत्ती खाल्ला. म्हणजे जिंकणाराही वजीर लवकर बाहेर काढूनच जिंकला. आणि शेवटची मात कुठे, तर डी८ वर, काळ्या वजिराच्याच घरात!

तेव्हा दोष बाहेर पडण्याचा नाही, वाया जाणाऱ्या खेळ्यांचा आहे, आणि त्यांचा हिशेब भाबडेपणाने करू नये. घोड्याने हुसकावल्यावर वजीर ए५ वर गेला असं धरू. पांढऱ्याच्या तीन खेळ्यांपैकी दोन ज्या प्याद्यावर खर्च झाल्या, ते आता पटावरच नाही. बाहेर आहे तो एक घोडा, शिवाय पुढची खेळी हातात. आघाडी आहे, पण जेमतेम एका खेळीची. आणि काळ्याला मोबदला असा की ई६ करून वाट बुजवण्याआधी सी८ चा उंट बाहेर काढता येतो. शाळकरी मुलं दुसऱ्याच खेळीला वजीर एच५ वर नेऊन एफ७ वर मात शोधतात, ते वेगळं. तिथे वजीर काहीच मारत नाही, नुसता धमकावतो, आणि समोरचा सावध असला की पळत सुटतो.

संगणक पांढऱ्याला किंचित सरस ठरवतो, हे खरं. पण किंचित सरस म्हणजे बचाव मोडीत निघाला असं नव्हे. १९७९ मध्ये मॉन्ट्रियलला बेंट लार्सनने याच ए५ च्या चालीने तेव्हाचा जगज्जेता कार्पोव्ह याला काळ्या सोंगट्यांनी हरवलं. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या जगज्जेतेपद सामन्यात, चौदाव्या डावात, आनंदने कास्पारोव्हविरुद्ध हाच बचाव काढला आणि सुरुवातीतून चांगली स्थिती मिळवली. तो डाव हरला, पण पुढच्या झुंजीत. पुढे सर्गेई तिव्याकोव्हने ए५ सोडून डी६ हे घर धरलं आणि वर्षानुवर्षं त्यावर गुण कमावले. व्हॅलेन्सियाच्या त्या डावातली डी८ वर परतण्याची चालही अजून ग्रँडमास्टरांच्या डावांत अधूनमधून दिसते. सी६ चं प्यादं मात्र आता कोणी विसरत नाही.