विजापूरच्या जामा मशिदीत जमिनीवर चौकटी का आखल्या आहेत?

कर्नाटकातल्या विजापूरच्या जामा मशिदीत गेलं की आधी नजर जाते ती मेहराबीकडे. सोनेरी मुलामा, फुलदाण्या, पुस्तकांचे कोनाडे, सगळं भिंतीवर रंगवलेलं. त्यामुळे अनेकांना ती मंदिरातल्या गाभाऱ्यासारखी वाटते. पण इथे पूजा होत नाही. मेहराब फक्त किब्ला, म्हणजे मक्केतल्या काबाची दिशा दाखवते. भारतातून ती पश्चिमेला येते. या सजावटीत माणसं किंवा प्राणीही नाहीत, कारण नमाजाच्या जागी सजीवांची चित्रं टाळतात.

१५६५ च्या तालिकोट लढाईनंतर पहिल्या अली आदिलशाहाने ही मशीद बांधायला घेतली. मेहराबीची सजावट मोहम्मद आदिलशाहाच्या काळातली, १६३६ ची.

खरी गंमत मात्र पायाखाली आहे. जमिनीवर सुमारे २,२५० चौकटी आखल्या आहेत, प्रत्येक साधारण मुसल्ल्याएवढी. मुसल्ला म्हणजे नमाजाची चटई. एका चौकटीत एक माणूस. सामूहिक नमाजात रांग सरळ, खांद्याला खांदा लावून हवी. तिला सफ म्हणतात. आधी येईल तो पुढच्या रांगेत, मग तो सरदार असो की हमाल. निदान नियम तरी असा आहे; काही मशिदींत बादशहासाठी वेगळी जागा राखलेली असायची. इमाम सगळ्यांच्या पुढे असतो, पण नमाजात त्याचंही तोंड काबाकडेच असतं.