हुंडणावळ कुठे लपते? परदेशात पैसे काढण्याचा थोडा इतिहास

पहिल्यांदा परदेशातल्या कॉन्फरन्ससाठी निवड झाली की आपण व्हिसा, तिकीट आणि पोस्टरच्या मागे लागतो. कार्ड कुठलं न्यायचं हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात उगवतो. मग लॅबमधल्या सीनियरना विचारायचं. एक म्हणतो फॉरेक्स कार्ड घे, दुसरी म्हणते नेहमीचं डेबिट कार्ड पुरेसं आहे, तिसरा सांगतो रोख युरो घेऊन जा आणि विषय संपव. गंमत म्हणजे तिघंही आपापल्या प्रवासापुरते बरोबर असतात. कारण तिघांनी पैसे वेगवेगळ्या ठिकाणी भरलेले असतात, आणि प्रत्येकाला फक्त स्वतःला दिसलेलं शुल्क आठवत असतं.

जेआरएफची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. त्यातून खोलीचं भाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे गेल्यावर उरतं त्यात हजार-दीड हजार ही काही किरकोळ रक्कम नाही. म्हणून आज हा विषय. पण थेट "हे कार्ड घ्या" असं मी सांगणार नाही, कारण कार्डांच्या अटी वर्षभरातही बदलतात. न बदलणारी गोष्ट वेगळी आहे, आणि ती समजायला थोडं मागे जावं लागेल.

आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, हुंडणावळ. दूरच्या प्रवासात रोकड सोबत नेणं म्हणजे वाटमारीला आमंत्रण. म्हणून पैसे इथल्या सावकाराकडे भरायचे, त्याच्याकडून हुंडी घ्यायची, आणि ती काशीला किंवा सुरतेला त्याच्या आडत्याकडे वटवायची. दर्शनी हुंडी असेल तर दाखवताच पैसे, मुदती असेल तर ठरलेल्या दिवसांनी. या सोयीसाठी सावकार जे घेई ती हुंडणावळ. शिवाय गावोगावची नाणी वेगळी, त्यामुळे सराफ नाणं पारखून बट्टा कापून घेई. (नावाला बट्टा लागतो तो हाच.) पुढे इंग्रजी अमदानीत वर्तमानपत्रं रुपया आणि पौंडाच्या विनिमय दरालाही 'हुंडणावळ' म्हणू लागली.

इथे जरा थांबा. एकाच शब्दात शुल्क आणि दर दोन्ही. भाषाशुद्धीवाल्यांना हा घोळ वाटेल, मला तो अचूक निरीक्षण वाटतो. चलन बदलून देणाऱ्याला पैसे कमवायचे असतील तर त्याच्याकडे दोन वाटा असतात: उघडपणे शुल्क मागायचं किंवा दरच थोडा वाईट द्यायचा. तुमच्या खिशाला दोन्ही सारखेच. फक्त पहिलं दिसतं, दुसरं दिसत नाही.

युरोपात हेच काम लेटर ऑफ क्रेडिट करायचं. तुमची बँक दुसऱ्या शहरातल्या ठरलेल्या बँकेला पत्र द्यायची, की या गृहस्थांना इतक्या रकमेपर्यंत पैसे द्यावेत. अडचण अशी की पत्र ज्या बँकेच्या नावे, तिथेच जावं लागे. १७७२ साली लंडनच्या रॉबर्ट हेरीज नावाच्या बँकरने 'सर्क्युलर नोट' काढली. ती एका शहराला बांधलेली नव्हती; युरोपातल्या अनेक शहरांत वटायची. जवळपास शंभर वर्षांनी, १८७४ मध्ये, थॉमस कुकनेही आपल्या पर्यटकांसाठी अशाच नोटा आणल्या.

मग १८९१. अमेरिकन एक्स्प्रेसचे अध्यक्ष जे. सी. फार्गो युरोपात फिरून आले ते वैतागूनच. मोठी शहरं सोडली तर त्यांच्या लेटर ऑफ क्रेडिटवर कुणी धड पैसे देईना. त्यांच्या कंपनीतल्या मार्सेलस बेरी यांनी यावर ट्रॅव्हलर्स चेक तयार केला. युक्ती साधी होती: विकत घेताना एक सही, वटवताना समोर दुसरी. दोन सह्या जुळल्या की ओळख पटली. चेक हरवला तर कंपनी पैसे परत देणार. तोवर चलनं सोन्याला बांधलेली असल्यामुळे डॉलरच्या चेकवर युरोपातल्या चलनांतली किंमतही छापता येत होती. म्हणजे दर आधीच ठरलेला आणि कागदावर लिहिलेला. आज असं कार्ड कुणी देईल का? पहिल्या महायुद्धात सुवर्णमानक कोलमडलं आणि तो स्थिर छापील दरही गेला.

कंपनीला यात काय मिळायचं? विक्रीवर थोडं कमिशन, ते सगळ्यांना दिसायचं. पण तुम्ही चेक घेतल्यापासून तो वटेपर्यंत तुमची रक्कम कंपनीकडे बिनव्याजी पडून असायची. हजारो प्रवाशांची अशी रक्कम एकत्र झाली की ती गुंतवून मिळणारं व्याज मोठं होतं. प्रवाशाला वाटे, मी फक्त कमिशन दिलं. आजच्या फॉरेक्स कार्डवर महिनाभर आधी डॉलर भरून ठेवताना हे लक्षात ठेवा. तिथेही तुमचे पैसे बिनव्याजीच पडून असतात.

आता आपल्याकडचं एक उदाहरण. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. तेव्हा रुपया एक शिलिंग चार पेन्सला होता, म्हणजे पौंडाला १५ रुपये. १९२७ च्या कायद्याने तो एक शिलिंग सहा पेन्सला बांधला, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. घरून शंभर पौंड मागवणाऱ्या विद्यार्थ्याला आधी १,५०० रुपये लागत, नंतर साधारण १,३३३. कुठल्याही बँकेच्या कमिशनपेक्षा हा फरक कितीतरी मोठा. (मुंबईचे गिरणीमालक मात्र या दरावर संतापले होते, त्यांना महाग रुपया नको होता. एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा.) आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.साठी लिहिलेला प्रबंध, १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', नेमका रुपयाच्या या प्रश्नावर आहे. आणि तो लिहिणारा स्वतः परदेशात शिष्यवृत्तीवर शिकलेला विद्यार्थी होता. संशोधनाचा विषय कुठून येतो असं विचारणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि भारतात परकीय चलनावर सरकारी नियंत्रण आलं. स्वातंत्र्यानंतर ते सैल न होता उलट आवळलं. १९६६ च्या अवमूल्यनानंतर डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेला शिकायला गेलेल्या कुणाही प्राध्यापकांना विचारा, 'खिशात आठ डॉलर' ही गोष्ट ते सांगतीलच. आठ डॉलर म्हणजे साठ रुपये. त्या पिढीपुढे स्वस्त कार्ड निवडायचा प्रश्नच नव्हता. विमानतळावरून वसतिगृहापर्यंत न्यायला कोण येणार, हा खरा प्रश्न होता. १९७३ चा फेरा कायदा जाऊन २००० च्या जूनपासून फेमा लागू झाला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे.

दरम्यान तिकडे मशीन आलं होतं. २७ जून १९६७ ला लंडनच्या एन्फील्डमध्ये बार्कलेज बँकेने पहिलं रोकड देणारं यंत्र बसवलं. ते घडवणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. यंत्रात प्लास्टिकचं कार्ड नव्हतं, कागदी व्हाउचर होतं आणि ते ओळखण्यासाठी त्यावर सौम्य किरणोत्सर्गी कार्बन-१४ लावलेला असे! (सायन्सवाल्यांनो, हे वाचून मलाही आनंद झाला होता.) एका वेळी जास्तीत जास्त दहा पौंड मिळायचे. भारतात पहिलं एटीएम १९८७ मध्ये मुंबईत एचएसबीसीने आणलं.

पण प्रवाशासाठी खरी क्रांती यंत्राची नाही, जाळ्याची. १९८२ च्या सुमारास सिरस आणि प्लस ही जाळी उभी राहिली आणि एका बँकेचं कार्ड दुसऱ्या बँकेच्या यंत्रात चालू लागलं. पुढे सिरस मास्टरकार्डकडे आणि प्लस व्हिसाकडे गेलं. तुमच्या कार्डाच्या मागे ही नावं अजून दिसतील. हुंडीचा आडत्या आता वायरीत शिरला. आणि मधले हातही वाढले: तुमची बँक, जाळं, यंत्राची मालक बँक. प्रत्येकाला आपापली हुंडणावळ हवी.

अमेरिकेत सुरुवातीला या जाळ्यांनी यंत्रमालकाला ग्राहकाकडून वेगळं शुल्क घ्यायला मनाई केली होती. एप्रिल १९९६ मध्ये ती मनाई उठली आणि 'हे मशीन अमुक डॉलर आकारेल' हा संदेश सगळीकडे झळकू लागला. लोक चिडले, पण निदान ते शुल्क पडद्यावर दिसत होतं. न दिसणारं प्रकरण २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एकत्र आलं. आरोप असा की व्हिसा, मास्टरकार्ड आणि मोठ्या बँकांनी परकीय चलनातल्या व्यवहारांवरचं शुल्क संगनमताने ठरवलं आणि ते दरातच मिसळून ग्राहकांपासून लपवलं. साधारण एक टक्का जाळ्याचा आणि दोन टक्के बँकेचे. कंपन्यांनी आरोप मान्य केले नाहीत, पण २००६ मध्ये ३३.६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. १९९६ पासून दहा वर्षांत परदेशात कार्ड वापरलेले अमेरिकन कार्डधारक त्यात दावेदार होते. विचार करा, रोज हिशोब तपासणाऱ्या लोकांनाही जे दिसलं नाही ते दाखवायला कोर्ट लागलं. का दिसलं नाही? कारण स्टेटमेंटवर एकच आकडा होता आणि तुलना करायला दुसरा नव्हता.

प्रयोगात आपण कंट्रोल ठेवतो ना, तसंच इथे करायचं. पैसे काढण्याच्या दिवशीचा बाजारातला मधला दर लिहून ठेवा, तो तुमचा कंट्रोल. खात्यातून गेलेले एकूण रुपये उणे मधल्या दराने होणारे रुपये, ही तुमची खरी हुंडणावळ. तिला नाव काहीही असो.

एक हिशोब मांडून बघू. सोयीसाठी युरो १०० रुपये धरा आणि तुम्हाला २०० युरो हवेत. नेहमीच्या डेबिट कार्डावर बँक साडेतीन टक्के मार्कअप घेते असं समजा: ७०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १२६. दर वेळचं ठरावीक शुल्क १५० धरलं तर करासह १७७. एकूण १,००३ रुपये, म्हणजे पाच टक्के. हेच २०० युरो भीतभीत चार वेळा पन्नास-पन्नास काढलेत तर १,५३४, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या वर. मार्कअप शून्य असलेलं कार्ड असेल आणि एकदाच काढलेत तर फक्त १७७. पण त्याच शून्यवाल्या कार्डाने रोज थोडे थोडे काढत बसलात तर ठरावीक शुल्क पुन्हा डोकं वर काढतं. म्हणजे कार्ड चांगलं की वाईट हे तुम्ही किती वेळा आणि किती काढता यावर ठरतं. सीनियरचा सल्ला तुम्हाला लागू का पडत नाही, ते आता कळलं असेल.

क्रेडिट कार्डाने रोख काढणं तर टाळाच. तिथे रोख उचलीचं वेगळं शुल्क असतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं, बिनव्याजी मुदत मिळत नाही. फॉरेक्स कार्डावर मार्कअप नसतो हे खरं, पण भरतानाच्या दरात विक्रेत्याचा नफा असतो, यंत्रातून काढताना शुल्क असतं, आणि युरो भरून स्विस फ्रँक काढलेत तर चलन पुन्हा बदलल्याचं शुल्क वेगळं. उरलेले पैसे परत रुपयांत आणतानाचा दर आधीच विचारून घ्या, तो बहुतेक कुणी विचारत नाही.

आणि सर्वात हुशार लपण्याची जागा यंत्राच्या पडद्यावरच आहे. ते मोठ्या अदबीने विचारतं, रक्कम रुपयांत वळती करून देऊ का? याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. ओळखीचं चलन दिसलं की बरं वाटतं, म्हणून आपण 'हो' दाबतो. त्या क्षणी दर ठरवण्याचा हक्क तुमच्या कार्डाच्या जाळ्याकडून यंत्रवाल्याकडे जातो, आणि तो स्वतःला सोयीचा दर लावतो. तुमच्या शून्य मार्कअपचा मग काही उपयोग उरत नाही. उत्तर नेहमी एकच: स्थानिक चलन. युरोपीय संघाने २०१९ च्या नियमावलीने एवढं केलं की संघातल्या चलनांमध्ये असं रूपांतर देणाऱ्याने आपला दर युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरापेक्षा किती टक्के जास्त आहे ते सांगावं. एप्रिल २०२० पासून ते लागू झालं. त्यांनी ग्राहकाला कंट्रोल छापून दिला. पण तो संघातल्या लोकांसाठी. रुपयांच्या कार्डवाल्याने आपला आपण घेऊन जायचा.

निघण्यापूर्वीची कामं थोडकी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं. परदेशी वापर ॲपमधून स्वतः सुरू करावा लागतो, आणि तो रोख काढण्यासाठी वेगळा सुरू करायचा असतो. बँकेच्या शुल्कपत्रकात तीन ओळी शोधा: परकीय चलन मार्कअप, परदेशी एटीएमचं शुल्क, नुसती शिल्लक तपासण्याचं शुल्क. ही तिसरी ओळ बघाच, कारण परक्या यंत्रात "किती उरलेत पाहू" म्हणण्याचेही पैसे पडू शकतात. दोन वेगळ्या जाळ्यांची दोन कार्डं वेगवेगळ्या खिशांत ठेवा. यंत्राची पावती फेकू नका. परत आल्यावर प्रवासखर्चाचा दावा करताना अकाउंट्स विभाग विचारेल की दर कुठला धरला, आणि तेव्हा तुमच्याकडे पावती, स्टेटमेंट आणि त्या दिवशीचा मधला दर असे तीन कागद असले तर बोलणं लवकर संपतं.