मागे वाजणाऱ्या आवाजाची कुळकथा

समजा, बोरी अरब गावातल्या एखाद्या सेवा केंद्रात टोकन पुकारणारा प्रोग्राम बसवला. ‘टोकन क्रमांक बारा’ एवढं वाजायला तीन सेकंद लागतात आणि तेवढा वेळ ऑपरेटरचं एकही बटण दबत नाही. रांगेतले म्हणतात, ‘हँग झालं’, आणि खापर जुन्या संगणकावर फुटतं. दोष तिथे नाही. तीन सेकंदांचं ध्वनिमुद्रण कितीही महागड्या यंत्रावर तीन सेकंदच वाजणार. क्लिक घेणं, पडद्यावरची खिडकी पुन्हा रंगवणं ही कामं प्रोग्रामच्या एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, एकामागून एक होतात. त्यालाच आवाज संपेपर्यंत थोपवून धरलं, तर प्रोसेसरचा वेग काय कामाचा?

थ्रेड आले तेव्हा आवाज मागे वाजू लागला, असा अनेकांचा समज असतो. इतिहास वेगळं सांगतो. १९८१च्या आयबीएम पीसीत प्रोसेसर एकच होता. तरी त्यावरच्या बेसिक भाषेत ‘प्ले’ आज्ञेत ‘एमएफ’ लिहिलं की प्रोग्राम सूर संपेपर्यंत थांबे, आणि ‘एमबी’ लिहिलं की सूर साठ्यात टाकून पुढच्या ओळीकडे वळे. टायमर चिप ठरावीक वेळाने प्रोसेसरला हाक मारी, तो पुढचा सूर लावी आणि हातातल्या कामाकडे परते. याच बेसिकच्या जीडब्ल्यू-बेसिक या रूपातल्या साठ्यात ३२ सूर मावत. साठा आटत आला की प्रोग्रामला कळवणारी ‘ऑन प्ले’ ही सोयही त्यात होती. १९९२च्या विंडोज ३.१मध्येही प्रोग्रामला स्वतःचे थ्रेड काढता येत नव्हते, पण न थांबता आवाज वाजवण्याचा ‘असिंक’ पर्याय होता. मात्र आज्ञेत त्यासाठी लिहायचा आकडा एक आणि थांबून वाजवण्यासाठीचा शून्य. कोणताच पर्याय न निवडता नुसतं शून्य दिलं की प्रोग्राम थांबतो, आणि ही रचना विंडोजच्या ‘प्लेसाउंड’ या आज्ञेत अजून तशीच आहे.

कोणी म्हणेल, आता थ्रेड आहेत, तर सरळ वेगळा थ्रेड काढावा. काढावा, पण त्या थ्रेडने खिडकीतल्या बटणांना हात लावू नये. बहुतेक ग्राफिकल लायब्रऱ्यांना ते चालत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘असिंक’ने वाजवलं तर पुढचा आवाज आधीच्याला मध्येच तोडतो, म्हणजे बारा नंबर अर्धवट राहून तेरा पुकारला जाईल. हे खरं आहे. त्यासाठी पुकाऱ्यांची रांग ठेवावी लागते आणि एक संपल्याची खबर मिळाल्यावरच दुसरा सोडावा लागतो. ‘एमबी’च्या साठ्याने आणि ‘ऑन प्ले’ने हेच केलं होतं. केंद्रांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी नवा संगणक मागण्याआधी आपल्या कोडमधलं ते शून्य तपासावं.