डोकीं किती आणि चुली किती?

लोकसंख्या वाढली कीं घरें वाढवावीं लागतात, हा हिशेब वरवर अगदीं सरळ दिसतो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. घरांची गरज डोक्यांवरून ठरत नाहीं, चुलींवरून ठरते. आठ माणसांच्या एका चुलीच्या दोन झाल्या, तर माणूस एकही न वाढतां घर एक अधिक लागतें. भिवापुरासारख्या गांवानें हा भेद ओळखणें अगत्याचें आहे.

प्रथम आपल्या जिल्ह्याचें मुख्य शहर पाहूं. नागपुरास १८६७ सालीं आगगाडी आली आणि १८७७ सालीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. १९०१ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती सुमारें १ लक्ष २८ हजार भरली. पुढें प्लेगानें लोक मेले, लोक घरें टाकून गेले, आणि १९११ सालीं तीच वस्ती सुमारें १ लक्ष १ हजारावर उतरली. त्या आंकड्यावर जो विसंबला असता, त्यानें नवीं घरें अनावश्यकच ठरविलीं असतीं. परंतु १९४१ सालीं वस्ती ३ लक्षांवर गेली! शहरसुधारणेसाठीं नागपूर इंप्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा झाला तो १९३६ सालीं. दाटी आधीं झाली, आखणी मागाहून आली.

आजचा प्रकार याहून सूक्ष्म आहे. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें सरासरी २.९ मुलें होतीं; २०१९-२१ च्या पाहणींत तें प्रमाण १.७ वर आलें. म्हणजे पाळणे कमी झाले. मग घरेंही कमी लागतील काय? लगेच नाहीं. बालक जन्मास येतें तेव्हां तें आईच्या कुशींत मावतें. त्याला स्वतंत्र घर लागतें तें पंचवीस-तीस वर्षांनीं. १९९० नंतर जन्मलेलीं मुलें आज संसार थाटीत आहेत. शिवाय आईबाप पूर्वीपेक्षां अधिक वर्षें जगतात व जुन्या घरींच राहतात. मुलगा नोकरीसाठीं नागपुरास गेला, कीं एकाच कुटुंबास दोन छपरें लागतात.

भिवापुराची ख्याति मिरचीची. १९०८ सालीं नागपूर-नागभीड हा अरुंद लोहमार्ग सुरू झाला आणि गांव आगगाडीनें शहराशीं जोडलें गेलें. तो मार्ग रुंद करण्यासाठीं २०१९ सालीं बंद करण्यांत आला. प्रवास सुलभ झाला म्हणजे तरुण गांवींच राहून शहरांत काम करील, कीं सोपी वाट धरून कायमचा जाईल? घरांची गरज कोठें निघणार, हें त्यावर अवलंबून आहे.

या तालुक्यास दुसरा अनुभवही आहे. १९८८ सालीं पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणामुळें कुही व भिवापूर तालुक्यांतील गांवांना उठावें लागलें. अशा पुनर्वसनांत कुटुंबांची यादी एका दिवसाची असते, घरें उभीं राहण्यास मात्र वर्षें लागतात. तेवढ्यांत यादींतला पोर बापाएवढा होतो, त्याचें लग्न होतें, चूल वेगळी होते. कागदावरचें कुटुंब मात्र एकच राहतें. ज्यानें धरणासाठीं गांव दिलें, त्यानें नव्या गांवींही अडचणींत राहावें, हा केवळ गणिताचा दोष नव्हे. तो न्यायाचा प्रश्न आहे.

म्हणून गांवकारभाऱ्यांनीं वस्तीची बेरीज करून थांबूं नये. कोणत्या वयाचीं माणसें किती, लग्नाच्या उंबरठ्यावर किती आणि एकटे वृद्ध किती, हें घरोघर पाहावें. नागपूरची दाटी आधीं व आखणी मागाहून झाली. भिवापुराला तो क्रम उलटा करण्यास अद्याप अवसर आहे.